मांडीतला रॉड

मी श्रीपादरावांच्या मांडीतला रॉड बोलतोय. स्टीलचा, म्हणजे बराचसा लोखंडच. मांडी आता राहिली नाही, मी राहिलो.

माझा जन्म एका प्रचंड ताऱ्याच्या पोटात झाला. त्या ताऱ्याने आधी हायड्रोजन जाळून हेलियम केलं, मग हेलियमचा कार्बन, पुढे ऑक्सिजन, सिलिकॉन. दर खेपेला त्याला ऊब मिळे आणि तिच्या जोरावर तो स्वतःचं ओझं पेलून धरी. शेवटी मी, लोखंड, तयार झालो. माझ्यातून मात्र त्याला कणभर ऊब मिळेना. तारा आतल्या आत कोसळला, फुटला, मी लांब फेकला गेलो. वाईट वाटलं का? नाही. मला काही वाटत नाही, हा माझा स्वभावच.

मग धुळीचा ढग, पृथ्वी, खाण, भट्टी. नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावर श्रीपादरावांची स्कूटर घसरली, तेव्हा डॉक्टरांनी मला त्यांच्या हाडात बसवलं.

थंडीत मी आत गार पडायचो आणि मांडी ठणकायची. त्यांची बायको विनताताई रोज संध्याकाळी गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्यायची. "गार पडला का रे मेल्या?" असं थेट मलाच विचारायची. घरात बाकी कुणी माझी विचारपूस केली नाही.

या पौषात श्रीपादराव गेले. विनताताई रडली नाही. शेजारणीने आणलेला चहा हातात धरून नुसती बसली. दुसऱ्या दिवशी अस्थी सावडायला मात्र हट्टाने घाटावर आली. मुलगा योगेश राख उकरत होता. त्याने काठीने मला बाजूला लोटलं.

"आई, काहून उचलून राहिली? लोहा है वो, अस्थी नाही. देतो नर्मदेत टाकून."

तिने पदरात धरून मला उचललंच. राखेखाली अजून धग होती.

"अरे, हा तर गरम आहे," ती म्हणाली. "काल मी घरी होती. मग याला शेक कोणी दिला रे?"

तेव्हा ती रडली. मला नदीत टाकायची गोष्ट योगेशने पुन्हा काढली नाही.

आता मी तिच्या कपाटात असतो. संध्याकाळ झाली की ती पिशवी भरते आणि माझ्यावर ठेवते. तिला कोणी अडवू नका, एवढंच मागणं. माझ्यातून ऊब निघत नाही, पण ती माझ्याकडे मागतच नाही. ती देते, मी घेतो, आणि थोड्या वेळात गार पडतो.

मग ती पुन्हा पाणी तापायला ठेवते.