छातीत दुखलं नाही तरी

मित्रांनो, तळहातावर मावणारा मी एक जुना ग्लुकोमीटर. बोटातल्या थेंबभर रक्तावरून साखर सांगतो. परळच्या चाळीतल्या या घरात मला सगळे ‘शुगरचं मशीन’ म्हणतात.

कारखान्यात माझी कसून परीक्षा झाली, मगच मी लालबागच्या एका औषधांच्या दुकानात पोहोचलो. तिथून प्रितीने मला तिच्या आईसाठी आणलं. आई म्हणजे बकुळाबाई. बुद्धविहाराचं कुठलंही काम त्यांच्यावाचून अडायचं. सुरुवातीला रोज सकाळी त्या ऐटीत बोट पुढे करत. आकडा बरा आला की त्यांचे पती जगदीशराव म्हणत, “या मशीनचंच फक्त ऐकते ही!” मी मनातल्या मनात फुलून जाई.

पण कौतुक किती टिकणार? “मला काय धाड भरलीय?” म्हणत बकुळाबाईंनी तपासणी सोडली. गोळ्या कधी घेत, कधी विसरत. मी टीव्हीखालच्या खणात चार्जरच्या गुंत्यात कित्येक वर्षं पडून राहिलो.

एका रविवारी दुपारी विहारातल्या खुर्च्या लावून त्या जिने चढून आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. अंग घामाने निथळत होतं, श्वास पुरत नव्हता.

“साखर उतरली असणार,” जगदीशराव घाबरून म्हणाले. “प्रिती, गूळ-पाणी आण!”

प्रितीने आधी मला बाहेर काढलं. नशीब, माझा सेल बदलून नव्या स्ट्रिप्स, म्हणजे रक्ताचा थेंब घेणाऱ्या पट्ट्या, तिने नुकत्याच आणून ठेवल्या होत्या. आईचं बोट टोचलं. मी आकडा दाखवला : दोनशे साठ.

“बाबा, साखर उतरली नाहीये, चढलीय! मग हा घाम कसला?”

“ॲसिडिटी असेल गं,” बकुळाबाई कशाबशा म्हणाल्या. “छातीत कुठे दुखतंय माझ्या? जरा पडते, वाटेल बरं.”

“पडायचं-बिडायचं नाही. हॉस्पिटलात जायचं, आत्ताच!” प्रितीने बजावलं.

शेजारचे वसंतभाऊ धावत आले. त्यांनी आणि जगदीशरावांनी बकुळाबाईंना खुर्चीत बसवून खाली नेलं, टॅक्सी केली. मी प्रितीच्या मुठीतच होतो.

हॉस्पिटलात डॉक्टर नूपुर यांनी ईसीजी पाहिला. “हार्ट अटॅक आहे.”

जगदीशरावांना पटेना. “अहो, पण तिच्या छातीत दुखलंच नाही!”

“बरीच वर्षं साखर चढी राहिली की नसा बधिर होतात. मग अशी कळसुद्धा कधी कधी जाणवत नाही. आणि तीच साखर हृदयाच्या रक्तवाहिन्याही खराब करते. वेळेत आणलंत.”

हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा काढला गेला. बकुळाबाई वाचल्या. मित्रांनो, श्रेय माझं एकट्याचं नाही. हृदयातलं मला काही दिसत नाही. मी फक्त साखर सांगितली. ‘मग हा घाम कसला?’ हे प्रितीने विचारलं.

आता बकुळाबाई गोळ्या चुकवत नाहीत. चालायला जातात, हृदयाची तपासणीही वेळच्या वेळी करून घेतात. परवा वसंतभाऊ म्हणाले, “वहिनी, शुगर मलापण आहे, पण त्रास काहीच नाही बघा.”

“त्रास मलाही नव्हता,” चपला पायात सरकवत बकुळाबाई म्हणाल्या. “उठा. डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर.”

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला कामाला लावा. आजीची साखर तो सांगेल. तिच्या हृदयाची चौकशी मात्र तुम्हालाच करावी लागेल.