अडतीस पूर्णांक चार

संध्याकाळी सात दहाला गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला की बाबा चष्मा पुसायला घ्यायचे. गाडी दारात येऊन बंद होईपर्यंत चष्मा नाकावर, वही मांडीवर आणि पेन्सिल बोटांत तयार. मग प्रश्न एकच.

"किती?"

"अडतीस चार," हेल्मेट काढता काढता ठकू सांगायची.

तरी ते उठायचे. गुडघ्यावर हात ठेवून वाकायचे, मीटरवरचा आकडा वाचायचे, त्यातून सकाळचा वजा करायचे आणि वहीत लिहायचे, अडतीस पूर्णांक चार. मुलीवर विश्वास नव्हता अशातला भाग नाही. पण विश्वास आपल्या जागी आणि वजाबाकी आपल्या जागी, असा त्यांचा खाक्या होता.

आता ठकू हे काही एकतीस वर्षांच्या बाईचं नाव नव्हे. कामावर कोणी त्या नावानं हाक मारली असती तर तिनं मान वर केली नसती. शहराच्या दुसऱ्या टोकाला दातांच्या कवळ्या बनवणारा एक छोटा कारखाना होता, तिथं ती मुख्य कारागीर होती. मेणात उमटलेला चावा नुसता बघून माणूस कोणत्या बाजूनं खातो हे ती सांगायची. हाताखाली तिघीजणी होत्या आणि तिघी तिला वचकून असायच्या. घरी आली की मात्र तिची ठकू व्हायची.

बाबांची खोड नोकरीतली. बसडेपोच्या फाटकावर त्यांनी चौतीस वर्षं काढली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बसचा मीटर लिहायचा, आत येणाऱ्या प्रत्येक बसचा लिहायचा आणि फरक काढायचा. डेपोत त्यांना 'मीटर' म्हणत, गल्लीनं त्याचं 'मीटरकाका' केलं. माणूस निवृत्त झाला, मोजणं काही निवृत्त झालं नाही. पहिली दोन वर्षं आईच्या वाट्याला आली. भाजी आणायला बावीस मिनिटं, बहिणीकडे जाऊन यायला एक तास चाळीस. जरा इकडंतिकडं झालं की बाबा दारात उभे. आईनं हळूहळू बहिणीकडे जाणंच सोडलं. विचारलं तर म्हणायची, "कोण एवढं घड्याळ घेऊन फिरतंय!" आणि पुन्हा पातेलं घासायला लागायची.

मग गाडी आली आणि आई सुटली. त्याचं असं झालं, ठकू तेव्हा दोन बस बदलून कामावर जायची. जायला पावणेदोन तास, यायला दोन. एकदा जेवताना तिनं धीर करून म्हटलं, "कारखान्याजवळ एखादी खोली बघू का? फार दमते हो मी." बाबांनी ताट संपवून हात धुतले. पाचव्या दिवशी दारात ही गाडी उभी.

"घे," ते म्हणाले. "आता पाऊण तासाचा रस्ता. आता खोली कशाला?"

सगळी गल्ली म्हणाली, नशीब काढलंस पोरी. गळ्यात फास पडला आणि वर आभारही मानावे लागले, अशी ठकूची गत झाली.

गाडी लहानशी, सव्वाशे सीसीची, अगदी उघडीबोडकी. पुढं काच नाही, बाजूला झाकणं नाहीत. इंजिन, नळ्या, साखळी, सगळा संसार चारचौघांत मांडलेला. बाबांनी मुद्दाम तशी निवडली होती. "झाकलेलं काही नाही हिच्यात. बिघडलं की लगेच दिसतं," ते कौतुकानं म्हणायचे, आणि ठकूला उगाचच आपल्याबद्दल बोलल्यासारखं वाटायचं.

गाडीचा तसा काही दोष नव्हता. वजनाला हलकी, दोन ट्रकांच्या मधून मांजरीसारखी निघायची. थंडीत मुठी बधिर व्हायच्या, पुलावर आडवा वारा सुटला की गाडी हातभर सरकायची, आणि इंजिन तापलं की सिग्नलला न्यूट्रल गिअर सापडायचा नाही, बोटं क्लच दाबून दुखायची. पण वारा छातीवर घेत जाताना सुरुवातीला ठकूला वाटायचं, ही पंचेचाळीस मिनिटं तरी माझी आहेत. एकदा ती नदीच्या बाजूनं वळसा घालून आली. "एक्केचाळीस सहा?" बाबांनी विचारलं. "रस्ता बंद होता," ती म्हणाली. बाबांनी डेपोतल्या जुन्या मित्राला फोन लावला, कुठला रस्ता बंद होता रे? पुन्हा ती वळसा घालायच्या भानगडीत पडली नाही.

आणि यंदा तिला खोली सापडली. कारखान्यापासून सव्वा किलोमीटरवर एक शिवणकामवाली बाई राहायची, तिच्या घरावरची. एक खिडकी, एक मोरी, भिंतीत दोन फळ्या. एवढीशी, की एक खाट टाकली की दार जेमतेम उघडायचं. शिवणवाली ओशाळून म्हणाली, "दुसरी खाट नाही हो मावत." ठकूला तर तेच भारी आवडलं. दुसरी खाट मावत नाही म्हणजे दुसरं माणूस मावत नाही.

चार वेळा ती खोली बघायला गेली, आणि चारही वेळा चालत, दुपारच्या सुट्टीत. डबा न खाता अर्धा तास भराभर जायचं-यायचं, गाडी कारखान्यात उभी. मीटरला पत्ता नाही. स्वतःच्या या हुशारीचा तिला आनंद व्हायचा आणि लगेच रागही यायचा. एकतीस वर्षांची बाई उन्हातून पळत होती, का, तर वहीत आकडा बरोबर यावा म्हणून.

शुक्रवारी घोळ झाला. एका आजोबांची कवळी मोडली, ती त्याच दिवशी जोडून हवी होती, दुपारची सुट्टी त्यात गेली. आणि शिवणवालीचा निरोप आला की दुसरं कोणीतरी खोली मागतंय, आज येऊन जा. आता संध्याकाळी चालत जायचं तर वेळ जाणार, गाडीनं जायचं तर किलोमीटर वाढणार. दोन्ही लिहिणारा माणूस दारात बसलेला. ठकूनं थोडा विचार केला, पुढच्या चाकापाशी बसली आणि मीटरच्या केबलची चक्री बोटांनी फिरवून केबल बाहेर काढली. कशी काढायची हे बाबांनीच शिकवलं होतं, तेल घालण्यासाठी.

खोलीत संध्याकाळचं ऊन आलं होतं. ती खिडकीपाशी पाचच मिनिटं उभी राहिली. कोणी काही विचारत नव्हतं. "उद्या बारापर्यंत सांगा," शिवणवाली म्हणाली. "हो म्हणालात तर तुमची, नाहीतर त्यांना देते." ठकूनं मान हलवली आणि खाली येऊन गाडी चालू केली. खाट कुठं, आरसा कुठं, चहाची भांडी कुठल्या फळीवर, सगळा मार्ग ती मनात खोली लावत होती. थेट पुलावर तिचं लक्ष मीटरकडे गेलं. काटा शून्यावर झोपलेला.

केबल लावायचीच राहिली होती.

पूल संपल्यावर तिनं गाडी कडेला घेतली. कारखान्यापासून आठ किलोमीटर झाले होते, आणि मीटरच्या हिशेबी ती अजून कारखान्यातच होती. मागं कारखान्यापर्यंत जाऊन, तिथं केबल लावून परत यावं तर वेळ कुठून आणणार? तिनं केबलच्या टोकाची तार चिमटीत धरली आणि पिळायला लागली. शंभर-सव्वाशे वेळा पीळ दिला तेव्हा कुठं शेवटचा लाल आकडा एक घर सरकला. म्हणजे शंभर मीटर. आठ किलोमीटरला किती, हा हिशेब मनात सुरू झाला आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. शेजारून बस, ट्रक, माणसं आपापल्या घरी चालली होती, आणि ही रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून बोटांनी गाडी चालवत होती. शेवटी तिनं केबल जागेवर बसवली, चक्री घट्ट केली आणि घरी आली. साडेसात झाले होते.

"किती?"

"तीस पाच."

पेन्सिल थांबली. बाबा उठले, वाकले, मीटर वाचला. मग पुढच्या चाकापाशी बसून त्यांनी चक्रीवरून बोट फिरवलं, आणि ठकूच्या हाताकडे बघितलं. बोटं काळी झालेली.

"केबल काढलीस."

ठकूनं बोटं मुठीत लपवली.

"डेपोत असले शहाणे पुष्कळ बघितले मी. सुटलेली केबल तशीच लोंबती घेऊन आली असतीस तर म्हटलं असतं, सुटली. परत बसवून येतो तोच चोर." त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "जास्त आले असते तरी चाललं असतं गं. गेली असशील कुठंतरी. कमी म्हणजे लपवलंस."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"लपवलं," ठकू म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "खोली बघायला गेले होते. मला वेगळं राहायचंय, बाबा. उद्या बाराच्या आत हो सांगायचंय आणि मी सांगणार आहे."

मग बाबांनी हात पुढं केला. "किल्ली दे. गाडी माझ्या नावावर आहे. बघतो, कशी जातेस कामावर."

तिनं किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. "गाडी लागणारच नाही, बाबा. तिथून चालत पंधरा मिनिटं."

बाबा किल्लीकडे बघत राहिले. एवढं मोठं हत्यार उगारलं आणि ते लागलंच नाही, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ते खुर्चीत बसले. वही उघडी होती, आजची ओळ अर्धी लिहिलेली. चौतीस वर्षं फाटकावर आणि नंतर ही दारातली, त्यांच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

"मग मी संध्याकाळी काय लिहू?" ते म्हणाले.

ओरडले असते तर ठकूकडे उत्तरं तयार होती. रात्र रात्र जागून पाठ केली होती. इथं गप्प राहिले तर सुटले, हे तिला स्वच्छ कळत होतं. तरी तिचं तोंड उघडलं.

"मी फोन करीन ना. रोज, सात दहाला. किती चालले ते सांगीन."

बाबांनी मान वर केली. "फोनमध्ये पावलं मोजता येतात म्हणे."

"येतात."

"मग किल्ली ने. गाडी नुसती पडून राहिली की बॅटरी उतरते." त्यांनी पेन्सिल उचलली. "दोन्हीचं वेगवेगळं सांग."

शनिवारी पावणेबाराला ठकूनं हो सांगितलं आणि रविवारी ती राहायला गेली. गाडी जिन्याखाली मावली, खाट खिडकीशी लागली, दार म्हटल्याप्रमाणे जेमतेम उघडलं. सोमवारी संध्याकाळी ती कामावरून आली, चहा केला, खिडकीत बसून शांतपणे प्यायली. कोणी नव्हतं. हे सुख तिनं मनापासून अनुभवलं, सात वाजून आठ मिनिटांपर्यंत. मग तिचा हात आपोआप फोनकडे गेला.

"किती?"

"गाडी दोन पाच. पावलं चार हजार तीनशे."

"थांब, लिहितो." कागदावरची पेन्सिल ऐकू आली. त्यांचा आवाज बरा होता, जवळजवळ खूश. "हां. जेवलीस का वेळेवर? घे, आईशी बोल."

आई फोनवर आली आणि काहीच बोलली नाही. पलीकडे खुर्ची सरकली, बाबांची पावलं कपाटाकडे गेली, वही ठेवण्यासाठी. कपाटाचं दार करकरलं तशी आई एकदम हलक्या आवाजात म्हणाली,

"ठकू, तिथं दुसरी खाट मावेल का गं?"

ठकूनं खोलीकडे बघितलं. बघायची काही गरज नव्हती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत किती, दारापाशी किती उरतं, बोटभर कमी की जास्त, तिला सगळं पाठ होतं. आई वाट बघत होती. कपाट बंद झाल्याचा आवाज आला.

"मोजते," ठकू म्हणाली. "उद्या सात दहाला सांगते."