बसवाल्या ताईंनी पाठ फिरवली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे, पण माझ्यावर ना कधी मालिका लागल्या, ना सामने. कारखान्यातून निघालेले माझे भाऊबंद लोकांच्या दिवाणखान्यात गेले. मी मात्र खोक्यातून उतरलो तो थेट एका प्रसूतिगृहात. तळमजल्यावरच्या खोलीत जमिनीवर गाद्या अंथरलेल्या असत. त्यांच्यासमोरच्या भिंतीवर मला बसवलं.

दर शनिवारी सकाळी तिथे वर्ग भरे. आई होणाऱ्या बायका घरच्यांना घेऊन येत आणि थोरल्या सिस्टर माझ्यावर बाळंतपणाचे व्हिडिओ लावत. कळा कशा येतात, श्वास कसा घ्यायचा, बाळ बाहेर कसं येतं, सगळं मी दाखवायचो. कुणी डोळे विस्फारून बघे, कुणी बोटांच्या फटीतून. "हा टीव्ही म्हणजे माझा उजवा हात," असं सिस्टर म्हणाल्या की मी मनातल्या मनात फुगायचो.

एकदा शाळेची बस चालवणारी एक ताई आली. चाळीस पोरांचा कल्ला पाठीशी घेऊन बस हाकणारी, मोठी धीराची बाई. पण आली ती माझ्याकडे पाठ करूनच बसली.

"मला नाही बघायचं," ती म्हणाली. "माझ्या वेळी आईचे फार हाल झाले. लहानपणापासून तेच ऐकत आलेय."

सिस्टरांनी आग्रह केला नाही. "बरं, बस तशीच. आवाज तरी ऐक."

तीन शनिवार मी तिची पाठच पाहिली. चौथ्या शनिवारी ती नवऱ्याला म्हणाली, "काय चाललंय ते तू सांग मला."

नवरा न्हावी होता. तो घसा खाकरून सांगू लागला, "डोकं दिसतंय. केस बरेच आहेत. आता खांदा..." आणि रोज वस्तरा चालवणारा तो गडी उशीवर आडवा झाला.

त्याला सावरायला ती वळली आणि तिची नजर माझ्यावर पडली. नेमकं तेव्हाच बाळाला आईच्या छातीवर ठेवलं होतं.

"ही हसतेय," ती हळूच म्हणाली. "मघाशी कण्हत होती तीच ना?"

"तीच," सिस्टर म्हणाल्या.

"मग मागे घ्या. पहिल्यापासून बघते."

नवरा शुद्धीवर आला तेव्हा त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

पुढे नववा महिना भरला. एका शनिवारी ती कंबर धरूनच वर्गात आली. पहाटेपासून दुखत होतं, पण गाडी चालवून अंग आखडलं असेल, असं तिला वाटलं होतं. सिस्टरांनी तपासलं आणि डॉक्टरीणबाईंना खालीच बोलावून घेतलं. वर न्यायला वेळच उरला नव्हता. बाकीच्यांना बाहेर काढलं. मला बंद करायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

मी शेकडो जन्म दाखवले होते, पण खरा एकही पाहिला नव्हता. ती घामाने भिजली, ओरडली, एकदा रडलीही. "आता जोर नको, छोटे छोटे श्वास," असं सिस्टर सांगणार तोच ती म्हणाली, "माहितीये मला." नवरा तिचा हात धरून तिच्याबरोबर श्वास घेत होता. पांढराफटक पडला, पण उभा राहिला. थोड्याच वेळात एक मुलगी खणखणीत आवाजात रडली. तो आवाज माझ्या स्पीकरमधून कधीच तसा निघाला नव्हता.

काही वर्षांनी माझ्या जागी मोठा पडदा आला आणि मी अडगळीत गेलो. अंगावर बोटभर धूळ चढली. वाटलं, संपलं आपलं. पण सिस्टर निवृत्त झाल्या आणि मला मागून घेऊन गेल्या. आता त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आमचा वर्ग भरतो. माझ्या कडेला एक हिरवी रेघ दिसते, पण बाळं छान दिसतात.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यावरून एकदा कोरडं फडकं फिरवून बघा. आणि आज घरी एक करा. तुमचा जन्म कसा झाला ते आईला विचारा. दुखलं का, भीती वाटली का, सगळं विचारा. तिचं सांगून होईपर्यंत मात्र जागचे हलू नका.