लाल बटणाची वायर

मशीन पहिल्यांदा आपोआप हललं तेव्हा घरात यशोदाबाई एकटीच होती. दुपारची वेळ, ती मागच्या खोलीत ज्वारी पाखडत बसली होती. टेबलावरचा संगणक नवरा चालूच ठेवून सूतगिरणीत गेला होता. अचानक कोपऱ्यातून किर्र असा आवाज आला. तिनं मान वर केली. धातू कापायच्या मिलिंग मशीनचा लोखंडी बेड बोटभर पुढे सरकला आणि थांबला.

संध्याकाळी अभिमन आला, तेव्हा ती दारातच उभी होती.

"आहो, तुमनं ते मशीन आपेआप हालनं."

"तुले भास व्हयना व्हई."

"मी डोयानं दखं."

अभिमन हसला खरा, पण हातपाय धुवायच्या आधी तो मशीनपाशी गेला. शिरपूरच्या सूतगिरणीत तो इलेक्ट्रिक विभागाचा सुपरवायझर होता. खरं प्रेम मात्र ह्या मशीनवर. धुळ्यातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातलं जुनं मिलिंग मशीन त्याचा मित्र चांद शेख यानं भंगारातून उचललं होतं. चांदचं धुळ्यात लेथचं दुकान. त्यानं मशीनचे स्क्रू आणि बेअरिंग नव्यानं बसवले. मोडीत निघालेल्या मोठ्या प्रिंटरच्या मोटरी अभिमननं त्याला जोडल्या आणि संगणकावर डॉसमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम स्वतः लिहिला. संगणक सांगेल तसा बेड सरकणार, सांगेल तिथे कटर खाली उतरणार. पंपाच्या आतल्या पंख्याची वळणदार पाती हातानं कापताना चांदच्या डोळ्यांत पाणी यायचं. हे मशीन ती आपोआप कापणार होतं.

बेड का हलला ते अभिमनला दुसऱ्याच दिवशी सापडलं. शेजारच्या झुलालनानांनी बोअरची मोटर चालू केली की घरातल्या वायरींमध्ये खळबळ व्हायची, आणि मशीनला वाटायचं, हुकूम आला. त्यानं जाळीच्या वेष्टनातल्या वायरी आणून टाकल्या, अर्थिंग नीट केलं. बेड हलायचा थांबला. अभिमन लहान मुलासारखा खूश झाला.

यशोदाबाई काही खूश झाली नाही. ज्वारीचं सूप घेऊन ती पुढच्या ओट्यावर बसायला लागली.

दुसरी गोष्ट अभिमननं तिला सांगितलीच नव्हती. संगणक चालू होताना, तो पुरता जागा व्हायच्या आत, त्याच्या प्रिंटरसाठीच्या वायरीवर आपोआप करंट यायचा. त्याच वायरीवर कटर फिरवणाऱ्या स्पिंडलचा रिले, म्हणजे करंट आला की लागणारा स्विच, होता. मग कुणी न सांगता कटर फिरायला लागायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा अभिमन आणि चांद दोघंही मागे सरले होते.

"अभिमनभाऊ, ह्याला कॉन्टॅक्टर टाका," चांद म्हणाला. "लाइट गेली की सुटेल, आणि हातानं बटण दाबल्याशिवाय परत लागणार नाही. आमच्या लेथला पण आहे."

"टाकू ना. तोवर एकच नियम पाळायचा. आधी संगणक लावायचा, तो नीट सुरू झाला की मग मशीनचा बोर्ड."

"आणि ते लाल बटण?"

लाल बटण अभिमननं मशीनच्या पुढ्यात बसवलं होतं. पण त्याची वायर संगणकाकडे जात होती. बटण दाबलं की प्रोग्रामला कळायचं, आणि प्रोग्राम मशीन थांबवायचा. थेट वीज तोडायची तर बोर्ड पुन्हा उघडावा लागला असता.

"चालतंय ना आता," अभिमन म्हणाला. "कौतिकशेठ मशीन बघून जाऊ दे. मग सगळा बोर्ड नव्यानं बांधू."

हाच अभिमन गिरणीत मोटरीला हात लावण्याआधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे मागून कुणी वीज लावू नये. फ्यूज खिशात असल्याशिवाय कोणत्याही फिटरला तो पुढे जाऊ देत नसे. त्यावरून गिरणीतले लोक त्याची थट्टा करत, तरी तो बदलला नाही. घरी मात्र खिशात फ्यूज घालायचं त्याला सुचलं नाही. घरातलं मशीन त्याला गिरणीतल्या मशीनसारखं परकं वाटतच नव्हतं.

कौतिकशेठ जळगावचे, पंपांच्या ओतकामाच्या कारखान्याचे मालक. ते रविवारी सकाळी आपली जीप घेऊन आले. चांद धुळ्याहून आधीच आला होता. यशोदाबाईनं पोहे केले. मशीन चालू झालं. ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून पंख्याचं पहिलं पातं वर यायला लागलं, तशी शेठजींची बशी हातातच राहिली.

"माणूस नाही, काही नाही," ते म्हणाले. "आपलंआपण!"

चांदचा चेहरा उजळला होता. दुसरं पातं अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली.

छताचा पंखा थांबला. कटर थांबला.

"येईल आता," अभिमन म्हणाला आणि बोर्डाकडे वळला. मशीनचा खटका बंद करायला त्यानं हात उचललाच होता.

"अहो, हे पातं केवढं वळवता येईल?" उजेडासाठी ओट्यावर गेलेल्या शेठजींनी विचारलं. त्यांच्या हातात पंपाच्या जुन्या पंख्याचा नमुना होता. तो उजेडात धरून दाखवायला अभिमन बाहेर गेला.

चांदला वाटलं, अभिमननं खटका बंद केला. त्यानं ब्रशनं चुरा झाडला. कटरची धार गेलेली दिसली, म्हणून तो काढायला पाना लावला आणि उजव्या हाताच्या बोटांनी कटर धरला.

यशोदाबाई चहाचे कप घ्यायला आत आली होती. छताचा पंखा हळूच फिरायला लागलेला तिनं पाहिला. संगणकानं पीप केलं.

मग चांद ओरडला.

पाना भिंतीवर आदळला. चांद मशीनवर ओणवा झाला होता, डाव्या हातानं उजवं मनगट मागे ओढत होता. अभिमन धावत आला आणि त्यानं लाल बटणावर मूठ मारली. पुन्हा मारली. काळ्या पडद्यावर संगणक आपली मेमरी मोजत होता. त्याला अजून लाल बटण माहीत नव्हतं, मशीन माहीत नव्हतं, चांद माहीत नव्हता. अभिमन बटण दाबतच राहिला.

यशोदाबाई दारातल्या मीटरकडे धावली आणि मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला.

कटर थांबला. अभिमन तरीही बटण दाबत होता.

"थांबनं ते!" ती ओरडली. "भाऊले धरा!"

शेठजींच्या जीपमधून चांदला धुळ्याला दवाखान्यात नेलं. यशोदाबाईनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून हात बांधला होता, तो वाटेतच भिजून काळा पडला. नरडाण्याच्या अलीकडे चांदनं फक्त एकदा विचारलं, "अभिमनभाऊ, बोर्ड बंद होता ना?"

अभिमननं खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाला, "नाही."

दोन बोटं गेली. तिसरं वाचलं, पण वाकेना.

अभिमननं घरी येऊन कॉन्टॅक्टर बसवला. लाल बटणाची वायर संगणकाकडून काढून थेट त्यात घातली. काम चहा थंड व्हायच्या आत झालं. मेन स्विच बंद करून त्यानं पुन्हा लावला. मशीन मेल्यासारखं उभं राहिलं. त्यानं पुन्हा लावून पाहिलं, आणि पुन्हा. यशोदाबाई दारातून बघत होती. शेवटी तिनंच येऊन त्याचा हात धरला.

त्याला मशीन भंगारात द्यायचं होतं. पण जखम भरल्यावर चांदचा निरोप आला: मशीन धुळ्याला आणा. लेथ आता आपल्याच्यानं होणार नाही, तिथे बोटं लागतात. ह्याला बटणं दाबायची असतात.

अभिमन टेम्पोतून मशीन घेऊन गेला. चांदची बायको नसीम दुकानाच्या दारात उभी होती. मशीन उतरवून होईपर्यंत ती हलली नाही. चांद आत जागा साफ करत होता, तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली,

"भाई, अब ये अपने आप चालू नहीं होणार ना?"

"नाही वहिनी. वायर बदललीय."

"उस दिन भी आपने यही बोला था क्या उनको?"

आतून चांदनं हाक मारली, "भाऊ, या! जोडून द्या लवकर. मला बघायचंय."

नसीम दारातून बाजूला झाली नाही. अभिमन अंग चोरून तिच्या शेजारून आत गेला. चांद मशीनपाशी उकिडवा बसला होता आणि उरलेल्या बोटांनी कटर चाचपून पाहत होता.

"चांदभाई, हात काढ," अभिमन म्हणाला.

"अरे, वायर पण जोडली नाही अजून."

"तरी काढ."

चांदनं हात काढला. मग अभिमननं जोडायच्या वायरींची पिशवी उघडली.