भटूची काचगाडी

भटू रिंगरोडवरच्या एका कापड मार्केटच्या काचा धुवायचा. म्हणजे गच्चीवरून दोर सोडायचा, स्वतःला त्याला बांधून घ्यायचा आणि चौथ्या मजल्यापासून पुसत पुसत खाली यायचा. शहाण्णव साल होतं. भिंतीच्या जागी काच लावली की आतली साडी जास्त महाग दिसते, हा शोध मार्केटवाल्यांना नुकताच लागला होता.

भटू ज्या दिवशी लटकलेला असे, त्या दिवशी तो घरी येईपर्यंत त्याची बायको रंजना जेवत नसे. हे त्यांच्या सगळ्या डिंडोली वस्तीला ठाऊक होतं, भटू सोडून. ती एकदा नळावर चक्कर येऊन पडली, तेव्हा त्यालाही कळलं.

"दोर पक्का शे," भटू म्हणाला.

"दोरनी गोट नही शे, तुमनी शे. तुमना पाय जमिनले लागत नहीत, तवलोंग मना गळाखाले घास उतरत नही."

 भटू उठला आणि भंगारवाल्याकडे गेला.

जमिनीवर उभं राहून काच धुणारी गाडी करायची, असं त्याने ठरवलं. लूमवर ताण्याच्या सुताचा जड रूळ, म्हणजे बीम, वाहून न्यायची मोडकी ट्रॉली भंगारात मिळाली. भावाने अमळनेरहून कापसावर फवारायचा जुना पंप पाठवला. वास जाईपर्यंत तो नऊ वेळा धुतला. नवव्या वेळी आई, कलाबाई, म्हणाली की आता त्यात ताक ठेवलं तरी चालेल. कुणी ठेवलं मात्र नाही. पंपाची नळी वर ब्रशपर्यंत नेली, म्हणजे पाणी थेट काचेवर. प्रश्न उरला लांब काठीचा. तो केबलवाल्याने सोडवला. गल्लीत केबल आल्यापासून छपराछपरांवर अँटेना कावळ्यांची सोय म्हणून उभ्या होत्या. भटूने आधी आपली अँटेना उतरवली, मग घरोघरी जाऊन बाकीच्यांचे ॲल्युमिनियमचे पाइप मागून आणले आणि एकात एक घालून बोल्ट मारले. फक्त गल्लीतल्या लोटूने दिला नाही. त्याने केबल घेतली नव्हती आणि रविवारची सकाळ त्याला दूरदर्शनवरच लागायची. उरलेल्या पाइपांची काठी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली.

मार्केटचे सेक्रेटरी छगनभाई गाडीभोवती दोनदा फिरले. "आ शुं छे? फायरब्रिगेड?"

"काच धुण्याची गाडी, शेठ. आता दोर नको."

"काच साफ तो दोर नहीं. काच साफ नहीं तो सोमवार से वापस दोर. दिवाळी माथे छे, भटूभाई."

वॉचमन पंपाचा दांडा मारत होता, भटू काठी फिरवत होता, रस्त्यावरची माणसं थांबून सल्ले देत होती. अकरा वाजेपर्यंत काच अशी चमकली, की छगनभाईंनी तिच्यात बघून भांग पाडला.

बारा वाजता ती वाळली. सगळीकडे पांढरे ठिपके.

"भटूभाई," छगनभाई देवी आलेल्या पोराकडे बघावं तसे हळहळून म्हणाले, "काचने शीतळा नीकळ्या?" आणि उद्या दुपारपर्यंतची मुदत देऊन ते जेवायला गेले.

भटू गाडी ओढत घरी आला. कलाबाईने निदान केलं. "नजर लागनी! नहीतं इतला डाग कथाईन उनात?" आणि काठीच्या टोकाला लिंबू-मिरची बांधली.

रंजनाने पंपाचं झाकण उघडलं, आत बोट बुडवलं आणि ओट्यावरच्या स्टीलच्या तांब्याकडे बघितलं. तांब्यावर तेच पांढरे ठिपके होते.

"आपला बोरनं पानी भरं व्हतं का?"

"मग काय गंगानं भरू?"

डिंडोलीच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि डोकं धुतलं तर केसांचा काथ्या होतो, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण काचेलाही ते बाधेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. दोरावर असताना भटू लगेच जुन्या वर्तमानपत्राने काच पुसून काढायचा, म्हणून इतकी वर्षं निभावलं. आता तिसऱ्या मजल्यावर पेपर घेऊन जाणार कोण?

रंजना मोरीत गेली आणि दोन कॅन ओढत बाहेर आली. पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस मिलमध्ये बॉयलरवर असलेला राघो गल्लीतल्या बायकांसाठी वाफेचं पाणी आणायचा. नळ्यांमध्ये वाफ थंड होऊन ठिबकतं ते, अगदी मऊ. हे दोन कॅन तिने दिवाळीच्या न्हाणासाठी राखून ठेवले होते. कुणी हात लावला तर खबरदार, असं खडूने वर लिहिलेलंही होतं.

"आनि तुना केस?" भटू म्हणाला.

"केस डोकावरच ऱ्हातीन. तुमी खाले ऱ्हावा."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच बरोबर गेली. नवरा कामावर कसा दिसतो हे तिने कधी पाहिलं नव्हतं. पाहायची छातीच नव्हती. आज तो समोर, फुटपाथवर, चपला घालून उभा होता. ती दांडा मारत होती, तो काठी फिरवत होता, आणि वर लिंबू काचेवर टकटक करत होतं.

काच वाळली. छगनभाईंनी तोंड अगदी जवळ नेऊन शोधलं. एकही ठिपका नाही. मग त्यांनी मान वर केली आणि बोट दाखवलं. "ने चोथो माळ?"

भटूने काठी ताणली, टाचा उंचावल्या. ब्रश तिसऱ्या मजल्याच्या कपाळापर्यंत गेला आणि थांबला. भटूची नजर सवयीने गच्चीवरच्या दोराच्या कडीकडे वळली.

मागे डबा उघडल्याचा आवाज आला. रंजना गाडीच्या कडेवर बसली होती. तिने भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात घातला. नवरा अजून कामावर असताना, भर दुपारी.

"लोटूभाऊनी अँटेना राह्यनी ना आजून," ती घास चावत म्हणाली. "दोर कसाले बघतस?"

लोटूने त्याच संध्याकाळी अँटेना उतरवून दिली आणि काठी चौथ्या मजल्याला पोचली. त्याने अट एकच घातली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी तो भटूच्या घरी टीव्ही बघायला येतो आणि रंजना त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाही.