बाईंचा दोन हजार नऊचा लेख

पत्र तसं साधंच होतं. एका संशोधन-पत्रिकेच्या संपादकांनी मोठ्या अदबीनं विचारलं होतं, की आपल्या २००९ सालच्या लेखाची प्रत मिळेल का. आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीनं तिच्या नव्या लेखात त्याचा आधार घेतलाय, आणि आम्हाला तो कुठेच सापडत नाही. आठ दिवसांत प्रत आली नाही तर तिचा लेख मागे घ्यावा लागेल.

बाईंनी पत्र तीनदा वाचलं. गोगलगायींच्या शंखांपायी त्यांनी उभी हयात घालवली होती, बावीस लेख लिहिले होते. हा तेविसावा कुठून उपटला, ते काही केल्या आठवेना. लेखाला नाव होतं, एका जुन्या नियतकालिकाचा खंड चौदावा होता, पानं २११ ते २१९. त्यातलं एक वाक्यही खाली उतरवलेलं होतं: ‘मातीत चुना असेल तर शंख जाड होतो, निदान या टेकडीवर तरी.’

आता ‘निदान या टेकडीवर तरी’ हे तर अस्सल बाईंचं. एवढं जोडल्याशिवाय त्यांचं एक विधान पुरं होत नसे, आणि पोरं वर्गात त्यावरूनच त्यांची नक्कल करायची. म्हणजे लेख आपणच लिहिला आणि विसरलो की काय? त्यांची थोरली बहीण शेवटी शेवटी पोटच्या मुलाला ‘आपण कोण?’ असं विचारायची. तिचीही सुरुवात अशीच किरकोळ विसरण्यातून झाली होती, आणि बाई त्या दिवसांना मनातून फार भीत होत्या.

त्यांनी कपाट उपसलं. साल लिहिलेल्या फायली जमिनीवर मांडल्या.

“काय शोधतेस गं?” नवऱ्यानं दारातून विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही शोधायला एवढा पसारा? काही असतं तर भिंतच पाडली असतीस.”

बाई हसल्या नाहीत. २००९ च्या फायलीत तो लेख नव्हता. पण नव्हता म्हणजे लिहिला नव्हता, की लिहून हरवला होता? दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन धडकल्या. ग्रंथपालानं चौदावा खंड धूळ झटकून पुढ्यात ठेवला. पान २११. तिथे कुणीतरी बेडकांच्या पायांवर लिहिलं होतं, आणि ते थेट २२४ पर्यंत चाललं होतं. बाईंचा जीव भांड्यात पडला. बेडूक इतके गोड त्यांना जन्मात कधी वाटले नव्हते.

घरी येऊन त्यांनी तडक त्या विद्यार्थिनीला फोन लावला. बाई तिला पहिल्यापासून भिंगरी म्हणत. तिची नोकरी कायम होणं या लेखावरच अडलं होतं.

“बाई, मी एआयची मदत घेतली,” भिंगरी रडवेल्या आवाजात म्हणाली. “तुमचे सगळे लेख त्याला दिले आणि आणखी संदर्भ मागितले. त्यानंच हा काढून दिला.”

“काढून कसला दिला? रचून दिला! माझ्या नावावर, माझ्याच भाषेत. आणि तू डोळे मिटून घातलास? मूळ लेख हातात घेतल्याशिवाय यादीत नाव टाकायचं नाही, हे किती वेळा घोकून घेतलं होतं मी तुमच्याकडून?” बाईंचा आवाज चढला होता. खरं तर त्यांना रागावताना बरंच वाटत होतं, कारण चूक दुसऱ्या कुणाची तरी निघाली होती.

“तो मिळेना, म्हणून तर मी तुम्हाला फोन केला होता, बाई. तीन महिन्यांपूर्वी. तुम्ही म्हणालात, हो, माझाच आहे, खुशाल घाल. प्रत कपाटात असेल, म्हणालात.”

“उगाच माझ्या गळ्यात मारू नकोस!” बाईंनी फोन आपटला आणि नवऱ्याकडे वळल्या. “ऐकलंत का? म्हणे मला फोन केला होता!”

नवऱ्यानं हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. “केला होता की. तू कुंड्यांना पाणी घालत होतीस, मीच फोन आणून दिला. चांगलं अर्धा तास बोललीस. खूश होतीस त्या दिवशी.”

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. चेष्टा करताना त्याची डावी भुवई हलायची. ती हलली नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. कुंड्या आठवल्या, पाण्याची झारीसुद्धा आठवली. फोन काही आठवेना. न लिहिलेला लेख लिहिला नाही हे त्यांना बरोबर कळलं होतं, मग बोललेलं बोलणं कुठे गेलं? यातलं कोणतं डोकं खरं धरायचं, हेच त्यांना समजेना, आणि त्यांना फार भीती वाटली.

बऱ्याच वेळानं त्या टेबलाशी बसल्या आणि संपादकांना लिहू लागल्या. ‘तो लेख मी लिहिलेला नाही. असा लेखच नाही. पण माझ्या विद्यार्थिनीनं छापण्याआधी मला विचारलं होतं, आणि तो माझाच आहे, असं मी तिला सांगितलं.’

पत्र धाडण्याआधी त्या थांबल्या आणि नवऱ्याकडे वळल्या.

“अहो, असंच म्हणाले होते ना मी?”