प्रवास: नाही

बाबा गेल्यानंतर एकविसाव्या दिवशी सैन्यातल्या डॉक्टर चौकशीला घरी आल्या. माझ्याहून लहान असतील, गणवेशाला कडक इस्त्री, डोळे मात्र जागरणाने ओढलेले. आईनं त्यांना बाबांच्या खुर्चीवर बसू दिलं. दुसरी खुर्ची पुढे करायचंही आमच्यात त्राण नव्हतं.

बाबा सैन्यात आरोग्य सहायक होते. तुकडी परदेशात गेली की पाण्यात क्लोरीन टाकणं, मच्छरदाण्यांची भोकं शिवून घेणं, जुलाबांची नोंद ठेवणं, हीच त्यांची लढाई. रोज सकाळी प्रत्येक जवानाला हिवतापाची गोळी द्यायची आणि ती गिळली की नाही हे तोंड उघडायला लावून बघायचं. "जीभ वर कर. गालात काय लपवलंस, माकडा?" जवान त्यांना जीभमास्तर म्हणत.

"परत आल्यावरही चार आठवडे गोळ्या घ्यायच्या असतात," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांनी घेतल्या होत्या?"

आईनं कपाटातलं पाकीट आणून ठेवलं. अर्ध्याहून जास्त गोळ्या तशाच होत्या.

"घरी कसला आलाय मच्छर, म्हणाले. अख्ख्या तुकडीच्या जिभा तपासल्या. ह्यांची तपासायला मी काय परेड घेणार होते?"

डॉक्टरांनी पाकिटाची नोंद केली आणि आमच्या जवळच्या दवाखान्यातला केसपेपर काढला. सैन्याचं रुग्णालय तीन तासांवर, म्हणून बाबांना या जवळच्या दवाखान्यात नेलं होतं.

"दाखल झाल्यावर दोन दिवस हिवतापाची तपासणीच झाली नाही. इथे लिहिलंय, प्रवास: नाही. हे कोणी सांगितलं?"

मी तिथेच होते. बाबा तापात बरळत होते, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उभ्या उभ्या विचारलं, "महिन्या-दोन महिन्यांत बाहेरगावी, परदेशात कुठे?" आणि आई पापणीही न हलवता म्हणाली, "नाही हो, इथेच असतात." सव्वीस वर्षांची सवय. दूधवाला विचारो की लग्नात भेटलेली मावशी, बाबा कुठे आहेत हे बोलायचं नाही. बातमी फुटली तर तुकडीच्या जिवावर बेतेल, हे मीही शाळेत जायच्या आधीच शिकले होते. त्यामुळे ते उत्तर ऐकून मलाही काही खटकलं नाही. दोन दिवसांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या खटकलं. मी धावत जाऊन सांगितलं, तासाभरात तपासणी झाली. तोवर मूत्रपिंडं बंद पडली होती.

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. निदानाला उशीर झाला, एवढंच तिला ठाऊक असेल, अशी माझी समजूत होती. खरं कळलं तर ती पुढचे दिवस कशाच्या आधारावर काढणार?

"आठवत नाही," मी म्हणाले. "गडबडीत कोणीतरी फॉर्म भरला असेल."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, मी कोणावर ठपका ठेवायला आले नाही. तुमचे बाबा ज्या विमानातून परत आले, त्यातून एकशे दहा जण उतरले, सगळे सुट्टीवर, आपापल्या गावी. दोघांना कालपासून ताप आहे. इथे नेमकं काय चुकलं ते कळलं, तर त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं ते मला कळेल."

मी आईकडे न बघता सुरुवात केली. "आमच्या घरी, बाबा कुठे आहेत हे बाहेर सांगायची पद्धत नाही. म्हणून..."

"आमच्या घरी कशाला?" आई म्हणाली. "मी सांगितलं. इथेच असतात, असं मी म्हणाले."

"आई..."

"तू व्हरांड्यातून धावलीस ना, तेव्हाच समजलं मला. तू बोलेनास, म्हणून मीही बोलले नाही." मग ती डॉक्टरांकडे वळली. "लिहा तुम्ही. आणि त्या दोघांच्या घरचे फोन द्या. तुम्ही सांगाल तर हो हो म्हणतील आणि ऐन वेळी माझ्यासारखंच करतील. मी बोलते."

 डॉक्टरांनी स्वतःच नंबर लावून फोन आईच्या हातात दिला.

आईनं आधी तापाची चौकशी केली. मग म्हणाली, "आता उठायचं आणि त्यांना घेऊन दवाखान्यात जायचं. कुठे होते म्हणून विचारलं तर देशाचं नाव सांगायचं. नाही विचारलं तरी सांगायचं." पलीकडची बाई बराच वेळ काहीतरी बोलत होती. आई डोळे मिटून ऐकत राहिली.

"नाही गं," ती म्हणाली. "कोणी रागावणार नाही."